परक्याची ठेव

पोरी,

महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद हातात आली, आता काळा कोट शिवायला टाकशील. त्याआधी चार गोष्टी कानात घालून ठेवतो. तुझा दादा नायब तहसीलदार म्हणून रुजू झालाय, त्यालाही हे पत्र वाचायला दे. बरंचसं दोघांना लागू आहे आणि काही तर फक्त त्याच्यासाठीच आहे.

एक आधीच सांगतो. या पत्रात माझ्या अशिलांच्या हकिकती नाहीत. नाव बदलून, गाव बदलूनही नाहीत. जे सांगेन ते छापील निकालांतलं, कायद्यातलं, नाहीतर चारचौघांत उघड्यावर घडणारं. नाव बदललं की सांगायला मोकळे झालो, असं बाररूममध्ये पुष्कळजण मानतात. तालुक्याच्या गावात नाव बदलून काही लपत नाही. ‘एक मास्तर होते, त्यांचं दुसरं घर होतं’ एवढं म्हटलं की पुढची गोष्ट ऐकणाराच आपल्याला सांगतो.

आपल्या कामात हातात जे येतं ते सगळं दुसऱ्याचं असतं. अशिलाचं गुपित, त्याचं खरेदीखत, त्याने कोर्ट फीसाठी दिलेले पैसे, त्याच्या बायकोचा अंगठा, त्याची अब्रू. दादाच्या टेबलावरची नस्ती, शिक्का, खुर्चीसुद्धा. परक्याची ठेव घरात असली की माणूस जसा वागतो तसं यातल्या प्रत्येकाशी वागायचं. कुठे अडलीस तर पहिला प्रश्न हाच विचार: हे कोणाचं आहे? निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चं कलम १३२ पाठ करून ठेव. १ जुलै २०२४ पासून ते लागू झालं. आम्ही १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातलं कलम १२६ म्हणून तेच शिकलो होतो. अशिलाने वकील म्हणून आपल्याला जे सांगितलं, जे कागद दाखवले आणि आपण त्याला जो सल्ला दिला, ते त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करायचं नाही. वकीलपत्र संपलं तरी बंधन संपत नाही. तो फी बुडवून समोरच्या गल्लीतल्या वकिलाकडे गेला, तुझ्याबद्दल गावभर वाईट बोलला, तरी नाही. आणि हे बंधन तुझा कारकून, दुभाषी, ऑफिसातला नोकर यांनाही आहे. म्हणून कारकून ठेवशील त्या पहिल्या दिवशी त्याला हे कलम मराठीत वाचून दाखव. टायपिंग येतं का हे नंतर विचार.

अपवाद दोन आहेत आणि ते नीट कळले पाहिजेत, कारण नवखा वकील इथेच गोंधळतो. माणूस येऊन म्हणाला, ‘वकीलसाहेब, मारलं मीच’, तर ते गुपित आहे, छातीत ठेव. पण तोच माणूस म्हणाला, ‘जुन्या तारखेचा स्टॅम्प मिळतो, त्यावर मागच्या तारखेचा करारनामा करून द्या’, तर बेकायदा हेतूसाठी झालेल्या त्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण नाही. दुसरा अपवाद असा, की वकीलपत्र घेतल्यानंतर काही गुन्हा किंवा लबाडी झाल्याचं आपल्या स्वतःच्या लक्षात आलं, तर तेही झाकलेलं राहत नाही. घडून गेलेल्याची कबुली आणि पुढे करायच्या फसवणुकीत मागितलेली मदत, यांतली रेघ रोज समोर येईल. मागच्या तारखेच्या कागदाला हात लावायचा नाही. चहा पाजून, शांत आवाजात, दार दाखवायचं.

पोलीस किंवा दुसरी तपास यंत्रणा तुलाच नोटीस काढून ‘तुमच्या अशिलाने काय सांगितलं’ असं विचारेल, तर घाबरून जाऊ नकोस. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने यावर सविस्तर निकाल दिला. त्या वेळी सरन्यायाधीशपदी आपल्या अमरावतीचे भूषण गवई होते. कलम १३२ च्या अपवादांत बसत असेल तरच वकिलाला असं समन्स काढता येतं, कोणत्या अपवादाखाली ते त्यात लिहावं लागतं, आणि पोलीस अधीक्षकाहून खालच्या नसलेल्या वरिष्ठाची लेखी संमती लागते. निकालाची प्रत ऑफिसात ठेव. ठाण्यातल्या नव्या फौजदाराला ती विनम्रपणे दाखवायची वेळ येऊ शकते.

आता हे गुपित फुटतं कुठे ते सांगतो. पैसे घेऊन फोडणारे वकील मी फारच थोडे पाहिले. बाकीचं सगळं गप्पांतून जातं, निष्काळजीपणातून जातं, ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून जातं.

आम्ही हायकोर्टाच्या कामाला मुंबईला जायचो तेव्हा महालक्ष्मी एक्सप्रेसच्या एकाच डब्यात वकील, त्याचा अशील, समोरच्याचा वकील आणि समोरचा अशील असे चौघं असायचे. कराडला गाडीत चढलं की डबे उघडायचे आणि तोंडंही. अर्ध्या रात्रीपर्यंत उद्याच्या युक्तिवादाची उजळणी व्हायची आणि वरच्या बर्थवर घोंगडं पांघरून कोण जागा आहे याचा पत्ता नसायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, तुमचा तो रात्रीचा प्रवास वाचला. पण एसटी आहे, वडाप आहे, बेंचच्या आवारातला चहा आहे. तिथे केसबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, स्वतःच्या अशिलाशीसुद्धा नाही. ‘उतरल्यावर बोलू’ हे दोन शब्दांत सांगता येतं. समोरचा पक्षकार शेजारी येऊन बसला आणि ‘ताई, मिटवून टाकू का?’ म्हणाला, तर त्याला त्याच्या वकिलाकडे पाठव. त्याने वकील दिलेला असताना त्याच्याशी परस्पर बोलणी करणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

झेरॉक्सचं दुकान हे आजचं सगळ्यात मोठं भोक आहे. कोर्टाच्या गेटसमोर तीन दुकानं आहेत, तिन्हींच्या संगणकावर जाऊन बघ. घटस्फोटाच्या अर्जापासून दोषारोपपत्रापर्यंत, आधार कार्डापासून वैद्यकीय अहवालापर्यंत सगळं डाउनलोडमध्ये पडलेलं असतं. वकील घाईत व्हॉट्सअॅपवर पाठवतो, ‘दोन प्रती काढ’ म्हणतो आणि पळतो. दुकानदार वाईट नसतो, पण ती फाइल तिथे राहते आणि पुढचं गिऱ्हाईक पडदा बघत उभं असतं. सुरुवातीला फी कमी येईल, तरी पहिल्या मिळकतीतून साधा प्रिंटर घे. खुर्च्या नंतर घे. तोवर पेन ड्राइव्ह घेऊन जा, स्वतः उभी राहून प्रिंट काढ, फाइल काढून टाक, बिघडलेली पानं गोळा करून घरी आण. रद्दीतही खाडाखोडीचे मसुदे द्यायचे नाहीत. आपल्याकडे भेळ त्याच कागदात येते.

फोनबद्दल एवढंच. रोजनाम्याचा, जबाबाचा, निकालाचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. अशिलासोबत ‘निर्दोष मुक्तता’ म्हणून हसरा फोटो स्टेटसला लावणारे तरुण वकील मला रोज दिसतात आणि वाईट वाटतं. एक तर वकिलाने जाहिरात करू नये हा नियम आहे. आणि त्याहून मोठं म्हणजे, सुटलेल्या माणसाला त्याच्यावर असा खटला होता हे उभ्या गावाला पुन्हा कळवायचंय का, हे त्याला कोणी विचारलेलं नसतं.

लग्नात, तेराव्याला, किराणा दुकानात लोक विचारणारच, ‘त्या केसचं काय झालं गं?’ उत्तर ठरवून ठेव. ‘कोर्टात चालू आहे.’ यापुढे शब्द नाही. ‘छे, तसं काही नाही’ म्हणणंही चूक, कारण नकारातूनही माणसं अर्थ काढतात. कधी कधी अमुक बाई आपल्याकडे येऊन गेली, हेच मुळी गुपित असतं. म्हणून रस्त्यात अशील भेटला तर आपण आधी नमस्कार करायचा नाही. त्याने केला तर तोंडभर हसून परत करायचा. त्याने मान फिरवली तर समजून घ्यायचं आणि वाईट वाटून घ्यायचं नाही. माझे सीनिअर असेच वागायचे आणि गावात त्यांना मानी म्हणायचे. त्यांनी कधी खुलासा केला नाही.

बाईवरच्या किंवा मुलांवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात यापेक्षाही कडक राहायचं. पीडितेचं नाव छापणं, सांगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि मुलांसाठी पॉक्सोचं कलम २३ बघ. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं, की नुसतं नाव टाळून भागत नाही, ओळख पटेल असा कुठलाही तपशील नको. शहरात ‘एका शाळेतली मुलगी’ म्हटलं तर चालून जाईल. आपल्याकडे वाडीचं नाव आणि बापाचा धंदा सांगितला की उंबऱ्यापर्यंत वाट सापडते. तुझ्या डायरीत अशा प्रकरणांना केस नंबर आणि एक अक्षर, एवढंच लिही. कोर्टाबाहेर ताटकळत असताना त्या मुलीला तिच्या नावाने मोठ्याने हाक मारायची नाही, जवळ जाऊन खांद्याला हात लावून सांगायचं. पुकारा करणाऱ्या शिपायालाही आधी जाऊन सांगून ठेव. बहुतेक वेळा तो ऐकतो.

दादा, आता तुला. नायब तहसीलदाराला कार्यकारी दंडाधिकारी म्हणून मृत्युपूर्व जबाब घ्यायला बोलावतात. प्रशिक्षणात अर्ध्या तासात उरकतात हा विषय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रात्री दोनला फोन येईल, सिव्हिलच्या जळीत कक्षात जावं लागेल. बाहेर माहेरचे आणि सासरचे दोन्हीकडचे उभे असतील. आत जाताना कोणी हात जोडेल, कोणी ‘साहेब, स्टोव्हचा भडका झालाय’ असं आधीच सांगून ठेवेल. कोणाचंही ऐकून घेऊ नकोस. डॉक्टरांना विचार, भाजलेली बाई शुद्धीवर आहे का, बोलण्याच्या स्थितीत आहे का. त्यांचा तसा शेरा वेळेसकट घे. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की डॉक्टरचा शेरा नसला म्हणून जबाब आपोआप टाकाऊ होत नाही, जबाब घेणाऱ्याची स्वतःची खात्री महत्त्वाची. याचा अर्थ शेरा घेऊ नये असा नाही. याचा अर्थ तुझ्या डोळ्यांवर आणि कानांवर सगळा भार आहे. नातेवाइकांना बाहेर काढ, पोलिसांनाही. दार लावून घे. तू कोण आहेस ते तिला सांग. नाव, गाव, मुलं किती, असं साधं विचारून ती भानावर आहे ना बघ. मग विचार आणि ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिही. ती ‘रॉकेल वतलं’ म्हणाली तर ‘ज्वलनशील पदार्थ ओतला’ असं लिहू नकोस. सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ टाक, सही किंवा अंगठा घे, हात भाजले असतील तर तशी नोंद कर, पाकीट तिथेच बंद कर.

आणि मग दार उघडल्यावर खरी परीक्षा. सगळे एकदम विचारतील, ‘साहेब, काय म्हणाली?’ तिचा बापही विचारेल, आणि बापाला नाही म्हणणं फार जड जातं. सांगायचं नाही. त्या घटकेला तो जबाब फुटला, तर साक्षीदार फिरवायला, पुरावा पुसायला, तिच्या लेकराला ताब्यात घेऊन माहेरच्यांचं तोंड बंद करायला रात्र पुरते. तिने तो तुझ्याजवळ ठेवलाय, आणि कदाचित तिचं बोलणं शेवटचं ऐकलेला माणूस तूच असशील. मान खाली घालून जिना उतरून जा.

सरकारी कामात ‘हे कोणाचं?’ या प्रश्नाचं उत्तर कधीकधी उलटं येतं, तेही लक्षात घे. वकिलाकडचं गुपित अशिलाचं असतं. तुझ्या कार्यालयातली बहुतेक माहिती मात्र लोकांची असते. महाराष्ट्राने २००२ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, देशाचा २००५ मध्ये आला. अर्ज आला की तीस दिवसांत उत्तर, जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. कलम ४ तर म्हणतं, न मागताच जाहीर करा. निविदा, याद्या, पंचनामे, मदतवाटप दडवून ठेवण्याला गोपनीयता म्हणायचं नाही. गोपनीय आहे ते वेगळं: उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दिलेली कागदपत्रं, बँकेचं पासबुक, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, विधवा निवृत्तिवेतनाच्या अर्जातली घरची परिस्थिती. गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे की बऱ्याच कार्यालयांत हे उलटं चालतं. वाटपाची यादी कपाटात आणि गरिबाची आधारची प्रत कोपऱ्यातल्या गठ्ठ्यात, कोणीही उचलावी अशी. तू तुझ्या दालनापुरतं तरी सरळ कर.

फोनवरचे तोंडी आदेश घेऊ नकोस. ‘वरून सांगितलंय, तेवढी नोंद आज मंजूर करा’ असा फोन आला तर अदबीने ऐक आणि नस्तीवर टिप्पणीत लिही: अमुक दिनांकास, अमुक वाजता, अमुक अधिकाऱ्यांनी दूरध्वनीवरून अशी सूचना दिली, लेखी आदेशार्थ सादर. २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, तोंडी हुकमावर काम करू नका, नोंद ठेवा. दहातल्या नऊ वेळा लेखी काही येतच नाही आणि विषय तिथेच मिटतो. दहाव्या वेळी लेखी आदेश आला तर निदान त्याखाली सही कोणाची आहे हे दिसतं. कारण नसताना नस्ती अडवून ठेवणं हाही विश्वासघातच. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्या आणि विलंब प्रतिबंधाच्या कायद्यात, नस्ती एका टेबलावर सामान्यतः सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं लिहिलंय. लोक त्यातलं बदल्यांचं प्रकरण तेवढं पाठ करतात.

आता तुम्हा दोघांचं मिळून. एका घरात वकील आणि महसुलाचा अधिकारी. पोरी, तुझ्याकडे पहिले येतील ते फेरफारच्या तक्रारी नोंदी घेऊनच येतील, आणि तुझ्या हुशारीची ख्याती ऐकून नव्हे, दादा तिथे बसतो म्हणून. ती वकीलपत्रं नाकारायची. ज्या न्यायपीठावर भाऊ, बाप, नवरा, मामा, सासरा असा जवळचा नातेवाईक आहे तिथे वकिलाने उभं राहू नये, हा बार कौन्सिलचा नियम आहे. तहसील कार्यालय त्या नियमाच्या शब्दांत बसतं का, यावर वाद घालायला जाऊ नकोस. बसतं असंच धरून चाल. साधारण तीन वर्षांत त्याची बदली होईल, तोवर दिवाणी आणि कौटुंबिक कामं कर, शिकण्यासारखं तिथे पुष्कळ आहे. घरात जेवताना कामाचं नाव काढायचं नाही. ‘अमक्याची सुनावणी कधी लावली रे?’ हा प्रश्नही नको. तारीख बोर्डावर लागते, तिथे जाऊन बघायची. दिवाळीला दादाकडे आलेला मिठाईचा पुडा आईने दारातच परत करायचा, आणि तुझ्याकडे आलेला आधी कोणाकडून आलाय ते बघायचं, कारण दादापर्यंत पोचायची वाट आता तुझ्या दारातून जाते. आईला हे नीट समजावून सांगा. तिला वाईट वाटेल, शेजाऱ्याचा पुडा परत करणं तिच्या स्वभावात नाही.

‘साहेबांना द्यायचे’ म्हणून कोणी तुझ्याकडे पाकीट ठेवू लागला तर त्याला बसवून समजावून सांग, की २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, आणि जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवावं लागतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ क्रमांक त्याला लिहून दे. साहेबांच्या नावावर पैसे घेऊन स्वतःच ठेवणारे दलाल कोर्टाच्या आणि कचेरीच्या आवारात हिंडत असतात, त्यांतल्या काहींच्या अंगावर काळा कोटही असतो. त्यामुळे चांगल्या न्यायाधीशाची आणि चांगल्या तहसीलदाराची अब्रू जाते, आणि त्यांना ते कळतही नाही.

पैशाचं पुढे. फीची पावती, खर्चाच्या रकमेची वेगळी पावती, वेगळी वही. उरलेली रक्कम परत. निकालात जे मिळेल त्यातला हिस्सा फी म्हणून ठरवायचा नाही, तसा नियमच आहे. मोटार अपघाताच्या आणि भूसंपादनाच्या भरपाईत ‘शेकडा इतके’ हे उघड बोललं जातं. तू त्यात जाऊ नकोस. ज्या पोराचा पाय गेला, त्या पायाच्या पैशात आपला वाटा कसला? अशिलाला कर्ज द्यायचं नाही, घ्यायचंही नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या चेकवर सही-अंगठा घ्यायचा नाही, ‘परत परत यायला नको म्हणून’ तो स्वतः आग्रह करील तरी नाही. आणि फी थकली म्हणून कागद अडवून ठेवायचे नाहीत. आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ते साफ नाकारलं. फी वसूल करायला दावा आहे. सातबारा, खरेदीखतं त्याची आहेत.

वाटणीच्या दाव्यात सांभाळून राहा. सुरुवातीला सगळं कुटुंब एकत्र येतं. थोरला बोलतो, धाकटा मान हलवतो, बहिणी भिंतीशी बसून असतात. ‘तुम्ही आमच्या घरच्याच’ म्हणतात. तिथेच विचार, मी कोणाची वकील? उत्तर लिहून घे आणि बाकीच्यांना स्वच्छ सांग, तुमचा वेगळा वकील करा, आणि तो होईपर्यंत माझ्यासमोर काही बोलू नका. बहिणींना तर नक्की सांग, कारण हक्कसोडपत्रावर सह्या त्यांच्याच घ्यायच्या असतात. ज्याला एकदा सल्ला दिला त्याच्याविरुद्ध त्याच कामात उभं राहायचं नाही. म्हणून नुसता सल्ला घेऊन गेलेल्यांचीही नोंद एका वहीत ठेव.

याचं मोठं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर दिनशा दावर उभे राहिले आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. १९०८ मध्ये तेच दावर न्यायमूर्ती म्हणून बसले, जामीन नाकारला आणि सहा वर्षं हद्दपारीची शिक्षा दिली. त्या काळच्या रिवाजात ते कदाचित चालून गेलं असेल. माझं मत विचारशील तर, ज्याची बाजू एकदा आपल्या तोंडून मांडली त्याच्या प्रकरणात न्यायासनावर बसायला नकार देणं हेच त्या आसनाला शोभलं असतं. शंभर वर्षांवर लोटली, मराठी माणूस ती गोष्ट विसरलेला नाही.

नकोशा माणसाचं वकीलपत्र घ्यायची वेळ येईल. बार असोसिएशन ठराव करील, ‘या आरोपीचं काम कोणी घेऊ नये.’ २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले. १९३४ मध्ये रघुनाथ धोंडो कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. पुण्या-मुंबईत त्या वेळी कर्व्यांची बाजू घेणं सोपं नव्हतं. पण लक्षात ठेव, बाजू घेणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. अशील खोटं सांगणार हे तुला माहीत असताना त्याला पिंजऱ्यात उभं करायचं नाही. आणि पुढे कधी सरकारी वकील झालीस, तर आरोपीच्या निर्दोषपणाचा कागद फायलीत सापडला तर तो दडवायचा नाही. तिथे तुझं अशील सरकार असलं, तरी सरकारला निर्दोष माणूस तुरुंगात नको असतो. निदान कायदा तसं मानतो आणि तूही तसंच मानून चाल.

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव घाल. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. १५१०० हा क्रमांक ऑफिसच्या दारावर लाव. त्या कामात अशिलाकडून चहासुद्धा घ्यायचा नाही आणि तयारी फी देणाऱ्यापेक्षा तसूभर कमी करायची नाही. जेलमध्ये भेटायला जाशील तेव्हा शिपायाला ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर बसायची मागणी कर. गरिबालाही गुपित असतं.

मृत्युपत्रं करायला म्हातारी माणसं येतील. मुलाने आणून सोडलं तर मुलाला बाहेर बसव, सून असेल तर तिलाही. नोंदणी कायद्यात मृत्युपत्रांचं पुस्तक वेगळं आहे, तिसऱ्या क्रमांकाचं, आणि करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. निबंधकाच्या कचेरीतूनही जे मिळत नाही ते तुझ्या टेबलावरून मिळता कामा नये.

शेवटचं माझ्या फायलींबद्दल. मी या मार्चअखेर काम थांबवतोय. आई म्हणत होती, मामाचं सगळं आता तुझ्याकडेच येणार. तसं होणार नाही, कारण त्या फायली मला द्यायला माझ्या नाहीत. प्रत्येक अशिलाला मी पत्र लिहितोय: कागद परत न्या, किंवा कुठल्या वकिलाला द्यायचे ते कळवा. त्यांतल्या ज्यांनी आपणहून तुझं नाव लिहिलं, त्यांच्याचकडून नवं वकीलपत्र घे, आणि तोवर गठ्ठे उघडू नकोस. बाकीचे पोच घेऊन परत करायचेत. मृत्युपत्रांची पाकिटं लोखंडी कपाटात वरच्या खणात आहेत, ती मी स्वतः जाऊन देणार. गाठी बांधायला आणि पोचवही भरायला मात्र माणूस हवाय, तेव्हा शनिवारी सकाळी ये. कारकुनालाही बोलावलंय.

मामा